मागच्या सीटवरचा पट्टा : कायद्याचा आग्रह नेमका कशासाठी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : गाडीत सहा एअरबॅग आहेत, प्रवास बहुधा शहरातच आणि ताशी ४०-५० किलोमीटरच्या वेगाने होतो, मागच्या सीटवर आई, गरोदर बहीण आणि चार वर्षांचा भाचा बसतात, मग मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावलाच पाहिजे असा कायद्याचा आग्रह कशासाठी, आणि पट्टा न लावणारा माणूस स्वतःच्याच जिवावर उदार होत असेल तर सरकारने त्यात का पडावे? वाहनांच्या सुरक्षिततेचे काम आणि अपघातग्रस्त गाड्यांची तांत्रिक तपासणी हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्याने उत्तर त्या अंगाने देतो. कायद्याकडे मी जरा उशिरा वळणार आहे, कारण गाडी आदळते तेव्हा आत काय घडते हे आधी लक्षात आले नाही, तर कायदा म्हणजे निव्वळ दंडाची पावती वाटत राहते.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने गाडी एखाद्या भक्कम अडथळ्यावर आदळली, की तिचा पुढचा भाग अर्धा-पाऊण मीटर चेपत जातो आणि साधारण एक दशांश सेकंदात गाडी थांबते. आत बसलेला माणूस मात्र आपोआप थांबत नाही. त्याला धरून ठेवणारे काही नसेल, तर तो त्याच १४ मीटरच्या वेगाने पुढे जात राहतो आणि समोर जे येईल त्यावर आदळतो. हा वेग कमी वाटत असेल तर तो उंचीत मोजून पाहावा : सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणारी वस्तू जमिनीवर पोहोचते तेव्हा तिचा वेग एवढाच असतो. शहरात आपण हळूच चालवतो, हे म्हणणे इंधनाच्या हिशेबात खरे असेल, शरीराच्या हिशेबात नाही.

पट्टा लावलेला असेल तर माणूस गाडीला बांधला जातो आणि गाडीच्या चेपण्याचा लाभ त्याला मिळतो. अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबायला मिळाले, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट जोर येतो, म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसावर जवळपास १४०० किलोंचा भार. हा भार मोठा आहे, छातीवर वळ उठतात, कधी बरगडीही मोडते. पण तो कंबरेच्या आणि छातीच्या मजबूत हाडांवर वाटला गेला तर निरोगी शरीर सहसा तो सोसते. तोच माणूस पट्ट्याविना डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या कठीण चौकटीवर आदळून दहा सेंटीमीटरमध्ये थांबला, तर हा जोर शंभरपटीच्या घरात जातो आणि तो बहुधा डोक्यावर, मानेवर किंवा गुडघ्यांवर एकवटतो. पुढच्या सीटला हात लावून आपण स्वतःला सावरू, किंवा मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून ठेवू, या समजुती इथेच कोलमडतात. दहा किलोचे मूल त्या क्षणी धरणाऱ्याच्या हातांना २०० किलोंचे वाटते, आणि पट्टा न लावलेल्या मोठ्या माणसाच्या मांडीवर ते असेल तर पुढची सीट आणि मागून येणारे मोठ्या माणसाचे शरीर या दोहोंमध्ये चिरडले जाते.

आता सहा एअरबॅगविषयी. सहा एअरबॅग असलेल्या बहुतेक गाड्यांत दोन एअरबॅग पुढच्या दोघांच्या समोर, दोन पुढच्या सीटच्या कडेला आणि दोन खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या असतात. म्हणजे समोरून धडक झाली असता मागच्या प्रवाशाच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये यांपैकी एकही येत नाही. पडद्याची एअरबॅग बाजूच्या धडकेत डोके वाचवते, समोरच्या धडकेत तिचा उपयोग फारसा नाही. ज्या गाडीत एअरबॅग जास्त त्या गाडीत मागचा प्रवासी अधिक निर्धास्त, हा समज विक्रीच्या जाहिरातींनी पोसलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या सीटवरही एअरबॅग ही पट्ट्याला पर्याय म्हणून बसवलेली नसते. ती तीस-चाळीस मिलिसेकंदांत फुगते आणि लगेच तिच्यातली हवा छिद्रांवाटे बाहेर पडू लागते. पट्ट्याने रोखलेला माणूस पुढे झुकून नेमका या टप्प्यावर तिच्यापर्यंत पोहोचेल, असे गणित बांधलेले असते. पट्टा नसलेला माणूस, विशेषतः आदळण्याआधीच्या ब्रेकमुळे अगोदरच पुढे सरकलेला, ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो, आणि ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगाने उघडणारी पिशवी स्वतःच इजा करते. गाडी उलटली, किंवा पहिल्या धडकेनंतर दुसरी झाली, तर एकदा फुगून बसलेली एअरबॅग काहीच करू शकत नाही. पट्टा तेव्हाही माणसाला जागेवर धरून ठेवतो. गाडीबाहेर फेकले जाणे हा अपघातातला अत्यंत घातक प्रकार आहे, आणि त्याला आळा घालणारे मुख्य साधन पट्टा हेच आहे. चेपणारा पुढचा भाग, एअरबॅग, सीटची चौकट, डोक्यामागची उशी या सगळ्यांची रचना आत बसलेला माणूस बांधलेला आहे असे गृहीत धरून होते. ते गृहीतक खोटे ठरले की बाकीचे सारे अर्ध्या कामाचे उरते.

आज वापरात असलेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी आकाराला आणला. त्यापूर्वी ते विमानांच्या इजेक्शन सीटवर, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटवर, काम करत होते, त्यामुळे मानवी शरीर कुठे किती जोर सोसते याची त्यांना जाण होती. केवळ कमरेचा पट्टा असला की वरचे शरीर कंबरेतून दुमडते, डोके पुढे आदळते आणि पट्टा पोटात रुतून आतडी व पाठीचा कणा यांना इजा होते. बोहलिन यांनी एकाच पट्ट्याने कंबर आणि छाती दोन्ही बांधली, तो एका हाताने लावता येईल अशी सोय केली, आणि कंपनीने हे पेटंट इतर उत्पादकांना वापरू दिले. तेव्हापासून धडक होताच पट्टा मागे खेचून घेणारा प्रिटेन्शनर आणि छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लोड लिमिटर यांची भर पडली, पण पट्ट्याची मूळ आखणी तीच राहिली.

‘धोका माझा, मी पाहून घेईन’ हा आपल्या प्रश्नातला भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. चुरडलेली गाडी तपासायला घेतली की मी आधी पट्टे पाहतो. दाराच्या खांबावर वरच्या बाजूला जी कडी असते, तिच्यातून पट्टा ओढला जाताना इतके घर्षण होते की कडीवरचे प्लास्टिक वितळून पट्ट्याच्या विणीवर त्याचा चकाकता ओरखडा उमटतो. बकलमध्ये जाणाऱ्या धातूच्या जिभेवरही तसेच घासल्याचे व्रण दिसतात. पट्टा लावलेला नसेल आणि प्रिटेन्शनर उडाला असेल, तर पट्टा खांबाला चिकटून ताठ अडकलेला असतो आणि बाहेर येत नाही. यानंतर पुढच्या सीटची पाठ पाहायची. तिच्या मागच्या बाजूला गुडघ्यांच्या उंचीवर दोन खळगे, वरची कड पुढे वाकलेली, डोक्यामागच्या उशीचे दांडे तिरके झालेले, असे दिसले की मागच्या प्रवाशाने पट्टा लावला नव्हता हे कुणी सांगावे लागत नाही. आणि त्या वाकलेल्या पाठीच्या पुढे जो बसला होता, तो पट्टा लावून बसला होता. त्याच्या छातीला समोरून पट्टा आणि एअरबॅग रोखून धरत असताना मागून साठ-सत्तर किलोंचे शरीर पूर्ण वेगाने त्याच्या पाठीवर येऊन आदळले.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. जपानमधील अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील, तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असे त्यात आढळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ही वाढ बरीच कमी, साधारण वीस टक्के निघाली. दोन्ही आकड्यांत मोठे अंतर आहे, आणि पाचपटीचा आकडा तेवढा उचलून मिरवणे मला पसंत नाही; पण सावधपणे वीस टक्केच धरले तरी पट्टा न लावणारा फक्त स्वतःचा धोका पत्करतो हा युक्तिवाद टिकत नाही. आपण गाडी चालवत असाल आणि आई आपल्या मागे बसत असतील, तर त्यांचा पट्टा हा आपल्याही सुरक्षिततेचा भाग आहे.

मागची सीट तेवढी सुरक्षित, ही समजूत मोठमोठ्यांचीही असते. १९९७ मध्ये पॅरिसच्या बोगद्यात प्रिन्सेस डायना यांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा त्या गाडीतल्या कुणीच पट्टा लावलेला नव्हता, आणि २००८ मध्ये ब्रिटनमधील मृत्युचौकशीत ज्यूरीने, चालकांच्या निष्काळजीपणाबरोबरच, पट्टा न लावणे हेही मृत्यूला हातभार लावणारे कारण असल्याचे नोंदवले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी मरण पावले, तर पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

आता कायदा. पट्टा वापरण्याची सक्ती प्रथम १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केली. ब्रिटनमध्ये गाड्यांत पट्टे बसवण्याचा नियम आधीच आला होता, परंतु ते लावणारे चाळीस टक्क्यांच्या आसपासच होते. ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटसाठी सक्ती झाली आणि हे प्रमाण अल्पावधीत नव्वद टक्क्यांच्या वर गेले. त्याआधी कित्येक वर्षे प्रबोधनाच्या मोहिमा चालल्या होत्या, पण अशी झेप सक्तीनेच साधली. समजावणे पुरेसे आहे असे म्हणणाऱ्यांनी या अनुभवाकडे पाहावे. मागच्या सीटसाठी तिथेही वेळ लागला : मुलांसाठी १९८९ आणि प्रौढांसाठी १९९१. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९८४ मध्ये पहिला कायदा केला, तर न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांसाठी अजूनही अशी सक्ती नाही.

सक्तीवर एक गंभीर आक्षेप अर्थशास्त्रज्ञांकडून आला. सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असा मुद्दा मांडला, की गाडी सुरक्षित झाली की चालक अधिक बेफिकीर होतो आणि वाचलेल्या धोक्याची भरपाई रस्त्यावरच्या इतरांना करावी लागते. विचार म्हणून तो रास्त आहे, आणि वेगाच्या बाबतीत माणसे अशी वागतातही. पण पट्ट्याच्या बाबतीत नंतरच्या अभ्यासांत असा परिणाम ठळकपणे दिसला नाही. आणि मागच्या सीटवरचा प्रवासी गाडी चालवतच नसल्याने त्याच्यापुरता हा आक्षेप मुळात लागूच होत नाही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८(३) प्रमाणे चालक व पुढचा प्रवासी यांच्याबरोबरच मागच्या, समोर तोंड असलेल्या सीटवरील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. हा नियम २०२२ नंतर आला असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. तेव्हा फक्त त्याची आठवण झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४-ब पट्ट्याविना प्रवासी नेणाऱ्या चालकालाच एक हजार रुपये दंड लावते, आणि १४ वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा योग्य चाइल्ड सीट यांची जबाबदारीही चालकावरच टाकते. ब्रिटनमध्ये प्रौढ प्रवासी स्वतःपुरता जबाबदार असतो आणि चालक फक्त १४ वर्षांखालील मुलांसाठी. गाडी सुरू करायची की नाही हे चालकाच्या हाती असल्याने, मला भारतीय मांडणी अधिक परिणामकारक वाटते. अडचण अंमलबजावणीची आहे, कारण काळ्या काचांआड मागे कोण कसे बसले आहे हे नाक्यावरच्या पोलिसाला दिसत नाही. म्हणून मागच्या सीटच्या बाबतीत दंडापेक्षा गाडीतच वाजणारा इशारा अधिक काम करील, असे माझे मत आहे. युरोपात नव्या मॉडेलसाठी २०१९ पासून सर्व सीटना असा इशारा बंधनकारक झाला. तो बंद पाडण्यासाठी बकलमध्ये खोचायच्या नुसत्या क्लिपा विकल्या जातात, आणि २०२३ मध्ये भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या हटवण्याचा आदेश दिला. आपल्या गाडीत अशी क्लिप असेल तर ती काढून टाकावी.

पट्टा लावला तरी तो चुकीचा लावलेला असेल, तर त्याचे संरक्षण बरेचसे वाया जाते. आईंच्या बाबतीत कमरेचा भाग पोटावर न ठेवता खाली, मांड्यांच्या सांध्यालगत, कंबरेच्या हाडांवर बसवावा आणि वरचा भाग हासळीच्या हाडावरून छातीच्या मध्यावर यावा. साडीच्या निऱ्या, शाल, जाड स्वेटर यांमुळे पट्टा वर सरकतो आणि सैल राहतो, तेव्हा कपडे सारखे करून तो वर ओढून ताठ करावा. वरचा भाग गळ्याला घासतो म्हणून काखेखालून घेणे ही सवय फार घातक आहे, कारण त्यामुळे सगळा जोर बरगड्यांच्या नाजूक भागावर आणि खालच्या यकृत-प्लीहेवर येतो. उंची कमी असल्याने त्रास होत असेल, तर खाली घट्ट, न दबणारी बैठक घ्यावी. सीट मागे रेलून झोपणेही टाळावे. त्या अवस्थेत धडक झाली की शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरते.

गरोदर बहिणीने पट्टा लावू नये, असा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. अपघातात गर्भाला वाचवायचे तर आधी आई वाचली पाहिजे. कमरेचा भाग पोटाच्या फुगवट्याखाली, शक्य तितका खाली बसवावा. वरचा भाग दोन स्तनांच्या मधून जाऊन पोटाच्या कडेने खाली उतरावा. पोटावरून आडवा गेलेला पट्टा मात्र धडकेत गर्भाशयावर दाब आणतो आणि वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटण्याचा धोका निर्माण करतो. अपघात किरकोळ वाटला आणि कुठे दुखत नसले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

भाच्यासाठी मोठ्यांचा पट्टा पुरेसा नाही. चार वर्षांच्या मुलाची कंबरेची हाडे इतकी वाढलेली नसतात की कमरेचा पट्टा त्यांवर टिकून राहील. तो पोटात चढतो आणि वरचा भाग मानेवर येतो. त्याला स्वतःचे पट्टे असलेली चाइल्ड सीट हवी, आणि ती मागच्या सीटवर घट्ट बसवलेली हवी. पट्ट्याच्या वाटेजवळ धरून हलवल्यावर ती दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. पुढे वजन-उंची वाढली की बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, आणि साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंचीनंतर मोठ्यांचा पट्टा. वयापेक्षा उंची पाहावी : पाठ सीटला टेकून गुडघे सीटच्या कडेवर नीट दुमडतात का, आणि पट्टा खांद्याच्या मधोमध येतो का, हे पाहिले की निर्णय सोपा होतो. पुढे कधी तान्हे बाळ आले, तर त्याची सीट मागे तोंड करूनच असावी, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही ठेवू नये.

पट्टा अडकला आणि गाडीला आग लागली किंवा ती पाण्यात गेली तर काय, ही शंका आपण विचारलेली नाही, पण आई विचारतील. असे अपघात एकूण अपघातांत अगदी थोडे असतात, आणि त्यांतही बाहेर पडायचे तर माणूस शुद्धीवर असावा लागतो. पट्टा लावलेला माणूस शुद्धीवर असण्याची शक्यता अधिक असते.

शेवटी गाडीकडे पाहा. सीट कव्हर बसवताना मागची बकले गादीखाली दाबली जातात आणि वर्षानुवर्षे तशीच राहतात. ती वर काढावीत. प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून कडा उसवल्या आहेत का ते पाहावे, झटका दिल्यावर तो अडतो का आणि सोडल्यावर नीट आत जातो का तेही पाहावे. मोठ्या अपघातात वापरला गेलेला पट्टा वरून चांगला दिसला तरी बदलावा, आणि वापरलेली गाडी घेतली असेल तर प्रिटेन्शनर उडालेला असून नुसती एअरबॅगची झाकणे बदललेली नाहीत ना, याची खात्री अधिकृत कार्यशाळेत करून घ्यावी. काही जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा असतो. आपल्या गाडीत तसा असेल तर आई, बहीण किंवा भाचा यांच्यापैकी कुणालाही तिथे बसवू नये, कडेच्या दोन जागा पुरत नसतील तर एका मोठ्या व्यक्तीने पुढच्या सीटवर यावे.